गारद्याचं पोतं

घुशीचं तोंड तुम्ही कधी जवळून पाहिलं आहे? नसेल, तर नशीबवान आहात. मी पाहिलं. ओलं, गुलाबी, सारखं थरथरणारं नाक. खाली हळदीत बुडवून काढल्यासारखे पिवळे दात. अंगावरचे केस मोरीतल्या गाळाने एकमेकांना चिकटलेले. माझ्या थोरल्या बहिणीच्या, वेणूअक्काच्या बाजेखाली बसून ती माझ्याकडे अशी पाहत होती, जशी खोली तिची आणि मीच आगंतुक. ईऽऽ! अजून आठवलं की अंगावर शहारा येतो.

आणि त्याच तोंडाने तिने आदल्या दिवशी अक्काच्या बाळाची टाच कुरतडली होती.

बाळ तीन दिवसांचं. सुईण अंगाला तेल चोळून गेली, अक्काचा जरा डोळा लागला, आणि बाळ असं किंचाळलं की ओसरीवरची मुलं पाढे म्हणायची थांबली. दुपट्याला रक्त. जखम फार नव्हती, वालाच्या दाण्याएवढी. पण मला तिच्याकडे बघवेना. मोरीतल्या घाणीत दिवसभर लोळणारं ते तोंड, आणि त्या कोवळ्या टाचेने तर अजून जमीनसुद्धा पाहिली नव्हती!

तेव्हापासून अक्का झोपली नाही. बाळ मांडीवर, पाठ भिंतीला, उजव्या हातात लाटणं, अशी ती बाजेवर बसून राहायची.

"अक्का, मी बसते ना जागी. तू पड."

"तुला झोप लागेल."

"नाही लागणार."

"मलाही लागणार नाही असंच वाटलं होतं, सगुणे."

मी कोपऱ्यातल्या शेगडीत ओवा टाकला.

सगुणा म्हणजे मी. वय तेरा. लग्न झालेलं आहे, सासर वाईला आहे, न्यायला अजून कोणी आलेलं नाही आणि मी काही आठवण करून देणार नाही. आमचं घर शनिवारात, श्रीमंतांच्या वाड्यावरचा चौघडा ऐकू येईल इतकं जवळ. वडील स्वारीबरोबर कर्नाटकात गेलेले, त्यामुळे घरात कर्ते म्हणजे आप्पाकाका. आमच्या ओसरीवर अनंत पंतोजींची शाळा भरते. पूर्वी मी खांबाआडून ऐकायची. गेल्या दसऱ्याच्या सुमाराला एकाही मुलाला औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा, येईना, तेव्हा मी खांबाआडूनच ती शेवटपर्यंत म्हणून टाकली. पंतोजी मुलांना म्हणाले, "खांबाला येते, तुम्हाला येत नाही." दुसऱ्या दिवशी मला पुढे बसायला जागा आणि धूळपाटी मिळाली. तेव्हापासून मी जरा जास्तच बोलते, असं घरातल्या सगळ्यांचं मत आहे. असेल.

बाळंतिणीच्या खोलीत दहा दिवस विटाळ. आत जो जाईल, त्याने अंघोळ केल्याशिवाय घरात कशालाही शिवायचं नाही. म्हणून आत राहायला मला बसवलेलं. आई उंबऱ्याबाहेरून ताट सरकवायची, सुईण सकाळी येऊन जायची, बाकी कोणी त्या बाजूला फिरकत नसे. घूस मात्र खुशाल ये-जा करीत होती. तिला सोवळ्याओवळ्याचं काही नव्हतं.

मी दारात उभी राहून अंगणापलीकडे हाक मारली. आप्पाकाका रेशमी मुकटा नेसून जपाला बसले होते.

"काका, घुशीचं काहीतरी करा."

"बीळ बुजवलं ना दत्तोबाने?"

"बुजवलं. तिने शेजारी दुसरं उकरलं."

"मग तेही बुजवू."

"मारायला नको?"

"उंदीर गणपतीचं वाहन आहे."

"ही घूस आहे, काका."

"मग मोठं वाहन आहे," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

दत्तोबा आमचा गडी. पागेतल्या दोन घोड्या, कडबा, पाणी, सगळं तो बघतो. तो सोटा घेऊन बसायला तयार होता, पण बाळंतिणीच्या खोलीत पुरुषमाणूस कसा बसणार? मी त्याला विचारलं, "दत्तोबा, घुशीला न भिणारं मांजर कुठे मिळेल?" आमच्या पेठेतली मांजरं दूधभातावर पोसलेली. घूस समोरून आली तर तीच बाजूला होऊन वाट देतील.

दत्तोबा म्हणाला, "नदीला भोयांच्या वस्तीत एक बोका हाय, ताईसाब. कुणाचा न्हाई. कुत्र्याचा कान फाडलाय त्यानं. समदी त्याला गारदी म्हणत्यात."

काकांचे डोळे मिटलेले असले तरी कान उघडे असतात. "गारदी? या पुण्यात एकदा गारदी आत घेतले होते. पुढे काय झालं ते साऱ्या जगाला ठाऊक आहे."

तेवढ्यात माझ्या मागून, अंधारातून, अक्काचा आवाज आला. अक्का काकांशी कधी वर मान करून बोललेली नाही. पण तो आवाज अंगणात नीट पोचला. "काका, काल टाच खाल्ली. उद्या बोटं खाईल. मी किती जागू?"

काकांनी जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाले, "आणा. पण माझ्या घरात येईल तो शुद्ध होऊनच येईल."

हे 'शुद्ध होऊन' म्हणजे काय, ते तेव्हाच विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दत्तोबा गारद्याला पोत्यात घालून घेऊन आला. भोयांच्या मैनाने ते पोतं दिलं होतं, कोकणातून घाट चढून आलेल्या सुकटीचं. दत्तोबा मागच्या दाराने आत आला मात्र, वास त्याच्या आधी आत आला. तो वास कसा सांगू? कुजलेलं, खारट, ओलं, आणि शेवटी जिभेवर बसणारं काहीतरी. आईने पदर नाकाला लावला आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. पोतं आतून गुरगुरत होतं.

तोंड सैल करून पाहिलं तर आत काय ध्यान! करडा, खांदे रेड्यासारखे, एक कान अर्धाच, एका डोळ्यात पिवळा चिकट मळ आणि पाठीवर खपली धरलेली जखम. त्या जखमेवर माशी बसली. मी तोंड फिरवलं.

काका हौदापाशी उभे होते. हातात पंचगव्याची वाटी. म्हणाले, "मांजराला स्वतःला विटाळ नाही, असं शास्त्र आहे. पण याच्या तोंडाला मासळी लागलेली आहे. तेव्हा तोंड आणि अंग शुद्ध झालं पाहिजे."

मी अंगणाच्या कडेवरून ओरडले, "काका, आत्ता नको! आधी त्याला जागा कळू दे. दोन दिवस कोंडून ठेवू, मग काय ती अंघोळ घाला!"

"पंतोजी मांजरांचंही शास्त्र शिकवतात वाटतं हल्ली."

मग जे झालं ते सारी आळी बघत होती. दत्तोबाने पोत्यासकट गारद्याला धरलं, काकांनी पळीने पंचगव्य त्याच्या जबड्यात घातलं आणि वरून हौदातल्या कात्रजच्या थंडगार पाण्याची घागर ओतली. दूध, दही, तूप, शेण, गोमूत्र, सगळं त्या बोक्याच्या तोंडातून परत काकांच्या छातीवर आलं. वर त्यांच्या नाकावर एक लांब ओरखडा. काका म्हणाले, "शुद्ध झाला," आणि स्वतः अंघोळीला गेले.

गारद्याला बाळंतिणीच्या खोलीला लागून असलेल्या लाकडांच्या खोलीत कोंडलं. मधल्या भिंतीला खाली एक भोक आहे, मोठ्या मांजरालाही त्यातून जाता येईल. समोर द्रोणात दूधभात ठेवला. त्याचं ते पोतं काकांनी परसात उकिरड्यावर फेकायला लावलं.

मी भोकातून पाहिलं तर तो लाकडांच्या ढिगामागे बसून अंग चाटत होता आणि प्रत्येक चाटण्याबरोबर त्याला मळमळत होतं. मलाही.

सकाळी दार उघडलं. दूधभाताला मुंग्या. झरोक्याच्या गजाला करडे केस. काकांच्या सोवळ्यातल्या स्वयंपाकाच्या म्हणून वेगळ्या रचून ठेवलेल्या लाकडांवर, नेमक्या त्याच लाकडांवर, त्याने घाण करून ठेवलेली. पातळ. गारदी नव्हता.

काकांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "गेला ते बरंच झालं. दूधभात न खाणारं मांजर पाळून करायचंय काय?"

मला इतका राग आला की मी काही बोललेच नाही. मी बोलले नाही म्हणजे किती राग आला असेल ते समजा!

त्या दुपारी घूस पुन्हा आली. या वेळी मी तिला आधी ऐकलं. मोरीच्या दगडावरून सरपटत येणारं जड, ओलं अंग. अक्काला बसल्या बसल्या डुलकी लागली होती. बाळ मांडीवरून घसरत घसरत बाजेच्या कडेला आलं होतं आणि त्याच्या दुपट्याचं लोंबणारं टोक घुशीने दातात धरून ओढायला सुरुवात केली होती. मी किंचाळले. अक्काने जागी होताच लाटणं हाणलं, ते बाजेच्या पायाला लागून मोडलं. घूस पळाली नाही. चालत गेली. दुपट्याचं टोक तिच्या लाळेने भिजलं होतं, आणि ते मला धुवावं लागलं. बोटांना ती लाळ बुळबुळीत लागली तेव्हा मी खरोखरच ओकले.

अक्का रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "सगुणे, आज तो घसरला. मला कळलंच नाही. मी अशीच पेंगत राहिले तर माझ्याच हातून पडेल ना गं तो." मग जरा थांबून म्हणाली, "दूधही कमी यायला लागलंय."

तेव्हा मी ठरवलं. आता मोठ्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही.

दत्तोबाला नदीवर धाडलं. तो हात हलवत परत आला. गारदी भोयांकडे पोचला नव्हता. मी विचार केला, नदी काही काशीत नाही. जायचा असता तर एव्हाना पोचला असता. भिजलेलं, घाबरलेलं, परक्या जागेतलं जनावर लांब जाईल कशाला? जवळच कुठेतरी अंग चोरून बसलं असेल.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईच म्हणाली, "काय गं, तुळशीपाशी कसली एवढी घाण येतेय?"

माझे डोळे चमकले! बोक्याची सवय तुम्हाला माहीत असेल. जिथे जातो तिथे शेपूट वर करून आपली निशाणी सोडतो. आमच्या तुळशीवृंदावनावर त्याने नदीकाठच्या सगळ्या वस्तीची निशाणी सोडली होती. आई डोळे पुसत पाणी ओतत होती आणि मी मनातल्या मनात नाचत होते.

मग मी काय केलं सांगू? नाक जमिनीला लावलं. होय. जिला औटकी येते ती मी, परकराचा ओचा वर खोचून, परसातल्या भिंतीचा कोपरा न् कोपरा हुंगत गेले. वृंदावनाच्या मागे तो तिखट, डोळ्यांत झोंबणारा वास. मग फणसाच्या बुंध्याला. मग काही नाही. मग पागेच्या दाराच्या खांबाला, इतका ताजा की नाक काढलं तर नाकाच्या शेंड्याला ओलं लागलं. शी, शी, शी! मी परकराने नाक खसाखसा पुसलं, आणि वर पाहिलं.

पागेच्या माळ्यावर, कडब्याच्या पेंढ्यांमागे, दोन डोळे.

"गारद्या," मी म्हणाले. तो फिस्कारला. त्याच्या फिस्कारण्यालाही वास होता. मी शिडीची एक पायरी चढले तर तो मागे सरकला. आणखी चढले असते तर कौलांवरून थेट गेला असता. पाठलाग करून हा मिळणार नाही. याला स्वतःहून यावंसं वाटलं पाहिजे.

त्याला कशासाठी यावंसं वाटेल? दूधभातासाठी? तुमच्या आमच्या घरात ज्याला अन्न म्हणतात ते त्याच्या लेखी पिठाचा लगदा. त्याला ओळखीचं असं आख्ख्या घरात एकच होतं, त्याचं पोतं. ते उकिरड्यावर होतं.

आमचा उकिरडा मी लांबूनच पाहिला होता. आता त्यात उभी राहिले. पायाखाली राख, मग केळीची सालं, मग काहीतरी मऊ, कोमट, जे पायाच्या बोटांमधून वर आलं. खाली पाहायचं नाही असं ठरवलं होतं, पण पाहिलं. पांढऱ्या अळ्या. पोतं फणसाच्या साली-चारखंडांखाली दबलं होतं. ओढलं तर त्यातून चिकट पाणी माझ्या कोपरापर्यंत ओघळलं. मी तोंडाने श्वास घेत होते, आणि तोंडाने घेतला की वासाची चव लागते हे मला त्या दिवशी कळलं.

पोतं मिळालं. आता मासळी. दत्तोबाला सांगितलं तर बिचारा कानाला हात लावून म्हणाला, "ताईसाब, आप्पासायबांनी सांगितलंया, वाड्याच्या चौकटीतनं मासळी आत आली की दत्तोबा बाहेर."

म्हणून मीच मागच्या दाराशी उभी राहिले. उन्हं वर आली की मैना भोईण आमच्या मागच्या बोळातून पाटी घेऊन पलीकडच्या आळीकडे जाते, आमच्या दारापाशी आली की भरभर चालते. मी हाक मारली.

"ए मैना! मासळी दे."

ती थबकली. पाटी डोक्यावर, हात कमरेवर. "आगं बया! बामनाची पोर मासळी मागतीया. आज सूर्य कुनीकडनं उगावला?"

"मला नको. गारद्याला हवी."

"त्यो हितं हाय व्हय? मला वाटलं, तुमी त्याला मुंजच घातली."

"अंघोळ घातली."

मैना एवढी हसली की पाटी डोक्यावर हलली. "आंगूळ! गारद्याला! आन् मंग पळाला म्हून रडताय?" हसू ओसरल्यावर तिने माझ्या हातातलं पोतं पाहिलं, माझे पाय पाहिले, आणि पाटी खाली ठेवली. "मुंडकी घिऊन जा. ती फेकायचीच हायती."

"हातात?"

"मंग काय पालखी आनू?"

तिने पळसाच्या पानावर मुंडकी ओतली. मरळीची मुंडकी, उघड्या तोंडाची, कल्ल्यांतून काळं रक्त, आणि डोळे! दह्याच्या गाठींसारखे पांढरट, आणि सगळे माझ्याकडे. एक घसरून माझ्या मनगटावर पडलं. गार होतं. माझ्या गळ्यातून एक आवाज आला, तो मी पूर्वी कधी काढला नव्हता.

"ओकू नको हां तेच्यावर," मैना म्हणाली. "बोका खायाचा न्हाई."

एका हातात पान, दुसऱ्या हाताने पोतं फरफटत मी मागच्या दारातून आत आले. आणि समोर अंगणात आप्पाकाका. नुकते अंघोळ करून, मुकटा नेसून, नाकावरच्या ओरखड्याला गंध लावलेले.

वास त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. "सगुणे! काय आहे ते?"

"मुंडकी."

"टाक. आत्ताच्या आत्ता बाहेर नेऊन टाक!"

मी वळले असते. खरं सांगते, वळले असते. पण खोलीच्या दाराच्या फटीत मला अक्काचा चेहरा दिसला, चुन्यासारखा पांढरा. मी जागची हलले नाही.

"काका, मी ही कुठे नेतेय? बाळंतिणीच्या खोलीत. तिथे विटाळ आहे ना?"

"आहे."

"आणि मी? मी विटाळात आहे की नाही?"

"आहेस. म्हणून तर म्हणतो, अंगणात इतकी पुढे—"

"मग विटाळलेल्या मुलीने विटाळाच्या खोलीत विटाळ नेला, तर त्यात वाढलं काय? शून्यात शून्य मिळवलं तर पंतोजी शून्यच सांगतात."

ओसरीवरून कोणीतरी खोकलं. पंतोजीच असावेत. काकांनी ओसरीकडे एकदा डोळे वटारले. "आणि हे अंगण? ते काय विटाळात आहे?"

"नाही. म्हणून तुम्ही जरा मागे व्हा. पाणी ठिबकतंय."

आणि काका मागे सरले! मुकटा दोन्ही हातांनी गोळा करून, टाचांवर, पार ओसरीच्या पायरीपर्यंत. मी एक पाऊल टाकलं की आईही मागे, दारात आलेली शेजारीणही मागे. त्या घाणेरड्या पानाला जेवढी वाट मिळाली तेवढी आमच्या घरात मला कधी मिळाली नव्हती. काका मागून ओरडले, "अकराव्या दिवशी ती खोली गोमूत्राने धुवायची. आणि हिची जीभसुद्धा!"

हसू यायला हवं होतं, पण त्या क्षणी मला जी शिसारी आली ती मुंडक्यांची नव्हती. बाळाची टाच फुटली तेव्हा यांतलं कोणी एवढ्या चपळाईने हललं नव्हतं. मोरीतलं तोंड बाळाला लागलं ते चाललं. मेलेल्या माशाचं तोंड अंगणातून गेलेलं चालेना.

लाकडांच्या खोलीचं पागेकडचं दार मी बोटभर उघडं ठेवलं. जमिनीला वास लागावा म्हणून पोतं पागेच्या दारापासून फरफटत आणलं आणि बाळंतिणीच्या खोलीत मोरीजवळ पसरलं. वर मुंडकी. अक्काने पदर नाकाला लावला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अक्का, सहन होईल?"

"होईल. तू दार लावू नकोस."

ओव्याची धुरी, तूप, तेल, बाळाचं दूध आणि त्यावर ती मासळी. उन्हाने कौलं तापलेली. मी भिंतीला पाठ लावून बसले आणि गिळत राहिले. एक माशी मुंडक्याच्या डोळ्यावरून उठून माझ्या ओठावर बसली. हलायचं नव्हतं. मी हलले नाही. शप्पथ, यापेक्षा मोठं तप काकांनी जन्मात केलं नसेल!

घर जेवून निजलं. ओसरीवरचे पाढे थांबले. मग भोकात आधी मिशा दिसल्या, मग तो अर्धा कान.

गारदी आला तो आमच्याकडे न पाहताच. पोत्यावर चारही पाय ठेवले, पोतं हुंगलं, त्यावर एकदा गोल फिरला, आणि एका मुंडक्याला तोंड घातलं. कड्, कड्, कड्. मग मऊ असा 'फच्' आवाज. तो डोळ्याचा होता. मी परकराचा बोळा तोंडात कोंबला.

दोन मुंडकी खाऊन तो पोत्यावर बसला. तिसरं तसंच पडलेलं. आणि त्याच वासाने मोरीच्या दगडामागून ती आली. ओलं नाक आधी. मग पिवळे दात. अक्काने बाळाला छातीशी घट्ट धरलं. लाटणं मोडलेलं, त्याचा तुकडा तिच्या मुठीत.

घुशीने मुंडक्याला दात लावले. गारदी तोवर दगड झाला होता. मग तो दगड उडाला.

सगळं सांगत नाही. सांगवत नाही. घूस माणसाच्या लेकरासारखी ओरडते, एवढंच सांगते. शेगडी कलंडली, भिंतीवर शिंतोडे उडाले, त्यांतला एक माझ्या गालावर, गरम. मग एक करकर आवाज, आणि शांतता. आणि मग गारद्याने जेवायला सुरुवात केली. तोंडाकडून.

बाळाला काही कळलं नाही. ते दूध पीत होतं.

मी निखारे शेगडीत भरले, गाल पुसला, आणि गारदी बाजूला झाल्यावर उरलंसुरलं, म्हणजे शेपूट, मागचे पाय आणि ते पिवळे दात, पळसाच्या पानाने उचललं. दारात उभी राहून विचारलं, "हे टाकायला कोणी येता का?" ओसरीवर काका जागे होते. त्यांनी पानात काय आहे ते न बघताच पंच्याने तोंड झाकलं. कोणी आलं नाही. मीच उकिरड्यावर टाकून आले. आता पाय आपोआप पडत होते.

परत येऊन पाहते तर बाजेवर लाटण्याचा तुकडा एकीकडे पडलेला. बाळ भिंतीच्या बाजूला, आणि अक्का आडवी. चार दिवसांत पहिल्यांदा आडवी. डोळे मिटत आलेले. मी वाकले तर तिने माझा हात धरला. तोच, मुंडक्यांचा, उकिरड्याचा, घुशीचा हात. तिने तो आपल्या गालाखाली घेतला.

"अक्का, थांब, धुऊन येते."

तिला ऐकू गेलं नाही. ती झोपली होती. तोंड उघडं, बारीक घोरत.

अंगणातून काकांचा आवाज आला, नेहमीसारखा खणखणीत. "सगुणे! काय झालं गं आत? घूस कुठे आहे?"

"हळू बोला. अक्का झोपलीय." मग राहवलं नाही. "वाहन मोडलं, काका."

मग काका हळू, अगदी हळू आवाजात आईला म्हणाले, "त्या मुलांना सांगा, आज पाढे मनातल्या मनात म्हणा."

पोत्यावर गारदी उठून उभा राहिला. त्याच्या पोटाला कळ आल्यासारखी झाली, मान पुढे आली, आणि त्याने केस, काटे आणि घुशीचं जे काय होतं ते सगळं पोत्यावर ओकून टाकलं. मग त्याच्याच शेजारी अंग मुडपून, आमच्याकडे पाठ करून झोपला.

ते आत्ताच्या आत्ता पुसायला हवं होतं. माश्या येऊ लागल्या होत्या. पण हात अक्काच्या गालाखाली होता. मी नाक दुसऱ्या खांद्यात खुपसलं आणि तशीच बसून राहिले.